रोपांची राखण आणि जीवदयेचा हिशेब



डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर त्यांच्या घरात पालेभाजी पुन्हा सुरू होते. त्या बेताने त्यांनी दसरा होताच गच्चीवर मेथी व पालक पेरले, आणि टोमॅटो व मिरचीची रोपे ट्रेमध्ये तयार करावयास घेतली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर गेल्या, तो बेचाळीस रोपांपैकी एकतीस रोपे बुडाशी कापलेली. काही ट्रे उकरलेले, माती बाहेर उडालेली. धाकट्या दिरांनी त्याच दिवशी बाजारातून उंदरांचा चिकट पुठ्ठा आणला. सासऱ्यांनी तो उघडू दिला नाही. इमारतीच्या समितीने मात्र पुढच्या सभेत विषाच्या वड्या ठेवण्याचा विषय घेतला आहे. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, ‘काका, रोपे राखावीत की व्रत राखावे?’

प्रश्न सरळ असला तरी उत्तर पत्राने देता येण्यासारखे नव्हते. बँकेत असताना गोदाम पाहिल्याशिवाय मालतारणाचे कर्ज मंजूर करू नये, हे मला वरिष्ठांनी शिकविले होते. ती सवय अजून सुटलेली नाही. म्हणून ज्ञानपंचमीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. चार मजली जुनी इमारत, तळमजल्यावर याच कुटुंबाचे धान्य-किराण्याचे दुकान, वर निवास आणि त्याच्यावर गच्ची. बाग लहान पण नेटकी. वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य आणि कंदमुळे तर नाहीतच, त्यामुळे दुधी, दोडका, काकडी, भेंडी आणि पालेभाज्या एवढाच संसार.

पुढे जाण्यापूर्वी माझ्या नावे असलेली एक जुनी नोंद सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी ठाण्याच्या घरी स्वयंपाकघरात उंदीर शिरला आणि मी ओट्याखाली असाच एक चिकट पुठ्ठा ठेवला. ‘हा काही विष नव्हे, मारण्याचे साधन नव्हे’ अशी मनाची समजूत घातली होती. रात्री दोनच्या सुमारास बारीक चिरका आवाज सुरू झाला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही. सकाळी दिवा लावून पाहिले. पोटाकडची कातडी सोलवटलेली, एक पाय सुटलेला, बाकी देह चिकटलेला, आणि डोळे उघडे. गोडेतेल सोडून त्याला मोकळे केले. तासाभराने तो गेला. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात मला शब्द आठवत होते, पण उच्चारता येत नव्हते. तो पुठ्ठा मारण्याचे साधन नाही असे म्हणणाऱ्याने एक रात्र त्याच्याजवळ जागून काढावी, एवढेच मी म्हणेन. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेही असे पुठ्ठे वापरू नयेत, अशी सूचना राज्य सरकारांना केलेली आहे. म्हणजे हा केवळ आपल्या समाजाच्या हळवेपणाचा विषय नाही.

आता बागेकडे वळू. पहिले काम अपराधी कोण ते ठरविण्याचे. रोप पडले की आपण उंदराला दोष देतो, पण बुडाशी देठ पिचून, काळपटून रोप आडवे झाले असेल तर ती रोपमर, म्हणजे बुरशी. पाणी कमी घालणे हाच त्यावर उपाय. पानांना वेडीवाकडी भोके आणि सकाळी चकचकीत वाळलेली रेघ दिसली तर गोगलगाय. दिवसाढवळ्या कोवळे शेंडे नाहीसे झाले, तर खार किंवा बुलबुल. देठ तिरका, चाकूने कापावा तसा स्वच्छ कापलेला आणि नुकसान रात्रीचे असेल, तर मात्र दात कुरतडणाऱ्या जातीचे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. म्हणून कित्येकदा रोप खाल्लेले नसते, नुसते कापून टाकलेले असते. जमिनीवरच्या बागेत बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग दिसला तर घूस समजावी. गच्चीवर बहुधा घरचा काळा उंदीर असतो, आणि तो चढण्यात पटाईत.

भगिनींच्या हाती रांगोळीचा डबा होता, तोच कामी आला. कठड्याच्या कडेने, ट्रेंभोवती आणि कोपऱ्यातील पाइपांजवळ रांगोळीचा पातळ थर पसरावयास सांगितला आणि दुसऱ्या सकाळी फोन करा म्हटले. फोन सहा वाजताच आला. सांडपाण्याच्या उभ्या पाइपापासून पावलांची ओळ निघाली होती. पुढच्या पावलांना चार बोटे, मागच्यांना पाच आणि मध्ये शेपटीची रेघ. उंदीरच. पण ती ओळ थेट रोपांकडे गेलेली नव्हती. पाइपाकडून ती प्रथम गेली कबुतरांच्या दाण्यांकडे, तेथून खताच्या डब्याकडे आणि शेवटी ट्रेंकडे.

त्या रांगोळीत सारा हिशेब मांडलेला होता. भगिनींचे सासरे दुकान वाढवून रोज संध्याकाळी गच्चीवर येतात आणि ज्वारीचे दोन ओंजळी दाणे पसरतात. चाळीस वर्षांचा नियम. परंतु पाखरे स्वतःच चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर ती दाणा टिपत नाहीत. अंधार पडताना घातलेला दाणा कबुतरांच्या पोटी न जाता उंदरांच्या पोटी जात होता. दुसरे, खताच्या डब्यात भाजीच्या देठांबरोबर उरलेली पोळी आणि भातही पडत होता. आणि तिसरे कारण ऐकून भगिनींनी कपाळाला हात लावला. रोपे जोमदार व्हावीत म्हणून त्यांनी ट्रेच्या मातीत शेंगदाण्याची पेंड मिसळली होती. उंदीर रोपांसाठी आलेलाच नव्हता. तो पेंड उकरावयास आला होता. रोपे वाटेत आली म्हणून कापली गेली. ज्यांना पेंड घालावयाचीच आहे त्यांनी निंबोळी पेंड घालावी. ती कडू असते आणि तिच्या वासाने उंदीर येत नाही. (तयार मातीची पिशवी विकत घेणाऱ्यांनी तिच्यावरील मजकूर वाचावा. त्यात पुष्कळदा हाडांचा चुरा असतो. तो आपल्याला चालणार नाही, आणि उंदराला फार आवडतो.)

आपल्या दुकानदार वाचकांना यातून एक गोष्ट पुढे विचारावीशी वाटते. उंदीर पाइपावर आला कोठून? मी तळमजल्याच्या दुकानामागची खोली पाहिली. पोती थेट फरशीवर, भिंतीला टेकलेली, मागच्या दाराखाली दोन बोटे फट. गोदामांच्या तपासणीला जाताना आम्ही दोन गोष्टी आधी पाहत असू. पोती लाकडी फळ्यांवर आहेत काय, आणि थप्पी व भिंत यांमध्ये दीड-दोन फूट जागा मोकळी आहे काय. त्या मोकळ्या जागेत माणूस झाडू मारू शकतो आणि विजेरी टाकून पाहू शकतो, म्हणून उंदीर तेथे घर करीत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होते. जागा महाग झाली आणि भिंतीकडची वाट आपण पोत्यांनी भरून टाकली.

हंगामाचाही भाग आहे. आश्विन-कार्तिकात मुरबाड, अंबरनाथ, भिवंडीकडे भातकापणी होते. शेत रिकामे झाले की शेतातील उंदीर वस्तीकडे सरकतात. कल्याण-शीळ मार्गाच्या दुतर्फा तर जेथे भातखाचरे होती तेथे पायाचे खड्डे खणले जात आहेत. त्यांची बिळे आपण मोडली आणि ते आपल्या पाइपांवरून वर आले, असेही म्हणता येईल. पावसाळा संपल्याने गच्चीवर पाणी नसते. अशा वेळी रोज शिंपडलेली ओली माती आणि कोवळे देठ हीच त्यांची पाणपोई ठरते.

आता व्रताचे. आपल्या आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. माती कालवणे, पाणी घालणे यांत पृथ्वीकाय-अप्काय जीवांची विराधना होते. ती आरंभी, यतनेने कमी करावयाची. पण एका पंचेंद्रिय जीवाला मारण्यासाठी वडी ठेवणे ही संकल्पी होय आणि तिचा त्याग तर अणुव्रताच्या पहिल्याच पायरीवर येतो. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक विचार करावयास लावतात ते अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, जे तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पहिला बांधून ठेवण्याचा आणि शेवटचा खाणेपिणे रोखण्याचा. हे दोन वाचले की ‘आम्ही विष घालत नाही, फक्त पिंजरा लावतो’ हे समाधान डळमळू लागते. संध्याकाळी पिंजरा लावून दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून परतल्यावर तो पाहणारे आपल्यात कमी नाहीत. तोवर उन्हात, पाण्यावाचून, आत कोण असते? त्यानंतर त्याला पिशवीत घालून खाडीकडे किंवा दुसऱ्याच्या वस्तीजवळ सोडतात. अनोळखी जागी सोडलेला उंदीर फार दिवस तगत नाही. आणि तगला तर आपल्या खात्यावरील बाकी शेजाऱ्याच्या खात्यावर टाकली, इतकेच. लेखापरीक्षक ती नोंद मान्य करणार नाही.

एवढे करून लाभही टिकत नाही. उंदरीण तीन आठवड्यांत वेते आणि एका वेळी सहा-आठ पिले देते. खाद्य तेथेच राहिले तर पकडलेल्यांची जागा पंधरवड्यात भरते. म्हणून पिंजरा हा नित्याचा उपाय नव्हे. घरातच कोंडलेला एखादा उंदीर बाहेर काढण्यापुरता तो वापरावा, तोही दर दोन-तीन तासांनी पाहता येईल तेव्हाच, सावलीत, आत काकडीची फोड ठेवून, आणि सोडावे ते इमारतीच्या आवारातच, बाहेर. तत्पूर्वी तो आला ते भोक बुजविलेले असावे.

उंदराविषयी भाबडेपणा मात्र नको. सन 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा शहर ओस पडले. उंदरावरील पिसवांतून तो माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिले. सन 1994 मधील सुरतेच्या प्लेगची धावपळ तर आपल्यापैकी अनेक हिरे-कापड व्यापाऱ्यांनी स्वतः अनुभवली आहे. आणि 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने घेतलेले बळी मुंबई-ठाण्याच्या लोकांना विसरता येणार नाहीत. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो रोग शिरतो. म्हणून उकरलेल्या मातीत हात घालताना हातमोजे हवेत, कुरतडलेली भाजी फेकून द्यावी, आणि लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी जंतुनाशक पाणी शिंपडून ओल्या फडक्याने उचलाव्यात. मुंबई महापालिका रात्रपाळीला उंदीर मारणारी माणसे ठेवते. काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांतून फिरणाऱ्या त्या गरिबांना दोष देण्याचा मला अधिकार वाटत नाही. त्यांना जे करावे लागते त्याचा आरंभ आपण टाकलेल्या अन्नापासून होतो.

तर मग करावयाचे काय? डोंबिवलीच्या गच्चीवर आम्ही जे केले तेच सांगतो. सासऱ्यांनी दाणे घालण्याची वेळ बदलून सूर्योदयानंतरची केली आणि दुपारी उरलेले दाणे झाडून डब्यात भरण्याचे काम नातवाकडे आले. या एका बदलाला आठ दिवस लागले, बाकी सारे दोन दिवसांत झाले. चाळीस वर्षांचा नियम बदलणे सोपे नसते. ते प्रथम काहीसे रागावलेही. पण ‘तुमच्या दाण्यावर वाढलेल्या जीवासाठी समिती विष आणणार आहे’ असे सुनेने हळूच म्हटले, आणि ते गप्प झाले. खताच्या डब्यात शिजलेले अन्न टाकणे बंद झाले, आणि डब्याच्या बुडाच्या भोकांना जाळी लागली.

जाळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथेच लोक फसतात. हिरवी शेडनेट किंवा प्लॅस्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कातरतो. कोंबड्यांची षट्कोनी जाळी मजबूत असते, पण तिच्या भोकातून लहान उंदीर आरामात जातो. जस्ताचा मुलामा दिलेली, पाव इंच चौकोनांची तारेची जाळी घ्यावी. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ती ठोकून ट्रेवर बसेल असे पेटीसारखे झाकण करावे आणि बुडालाही तीच जाळी लावावी. ऊन-वारा आत जातो, पाणीही वरून घालता येते. तळमजल्यावर मातीच्या वाफ्यात लावणाऱ्यांनी जाळी जमिनीत फूटभर पुरून तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवावी. घूस कुंपणाला भिडून खणते, ती त्या वळलेल्या कडेवर अडते आणि मागे सरकून खणण्याचे तिला सुचत नाही.

ट्रे जमिनीवर ठेवण्याऐवजी लोखंडी मांडणीवर, तीन फुटांहून उंच आणि भिंतीपासून तितकेच दूर ठेवले. उंदीर दोन-तीन फूट सहज उडी मारतो, पण गुळगुळीत पत्र्यावर त्याला नखे रोवता येत नाहीत. म्हणून मांडणीच्या पायांना आणि त्या सांडपाण्याच्या पाइपाला पत्र्याच्या उलट्या नरसाळ्यासारख्या गोल टोप्या बसविल्या. मुंबई बंदरात लागलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर अशाच गोल चकत्या असतात. जहाजावरील उंदीर किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरील जहाजावर जाऊ नयेत म्हणून. पत्रा कापणारा कारागीर जवळच मिळाला. सर्व खर्च दोन हजारांच्या आत भागला.

दुधी, काकडी, दोडका यांचे बी मोठे आणि तेलकट असते. ते उघड्या मातीत टोचले की उंदीर वास काढून उकरतो. असे बी झाकणाखालीच रुजवावे, चार पाने आल्यावर बाहेर लावावे. लावलेल्या रोपाभोवती पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा बूड कापलेला तुकडा दोन इंच मातीत खुपसून ठेवावा, टोपण काढलेले असावे, नाही तर आत वाफ कोंडून रोप सडते. देठ जून होऊन करंगळीच्या निम्म्याने जाड झाले की ही बाटली काढावी.

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचे तेल, तिखटाची पूड यांविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. वास दोन दिवसांत उडतो, पाऊस आला तर तासाभरात. शिवाय डांबराच्या गोळ्या खाण्याच्या भाजीजवळ ठेवूच नयेत. आवाज काढणारी विजेची यंत्रे मी स्वतः वापरून पाहिली. उंदरांना त्यांची सवय झाली, मला झाली नाही.

विषाविषयी समितीच्या सभेत भगिनींच्या सासऱ्यांच्या वतीने मी बोललो. धर्म तेथे सांगितला नाही, कारण सभासद सर्व पंथांचे होते. इतकेच सांगितले की, बाजारातील बहुतेक वड्यांनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि उंदीर तीन-चार दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, पुष्कळदा पाण्याच्या टाकीत किंवा खोट्या छताच्या आत, जेथून तो काढता येत नाही. त्याला खाणारे मांजर आणि घुबडही त्या विषाने मरते, म्हणजे उंदरांवर जो फुकटचा पहारा असतो तोही जातो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर लहान मुलाच्या हाती लागली तर डॉक्टरांकडेही तिच्यावर उतारा नाही. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. फेटाळला गेला असे म्हणता येत नाही. तोपर्यंत कचऱ्याचे डबे झाकणाचे करावेत आणि तळमजल्याच्या गटारांना जाळ्या बसवाव्यात, एवढे ठरले.

सभेनंतर जिन्यात सासऱ्यांनी मला थांबविले. दुकानाच्या फडताळात उंदरांच्या औषधाची दोन खोकी विक्रीसाठी आहेत, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे त्यांना ठाऊक होते. ‘गिऱ्हाईक मागते, ठेवले नाही तर शेजारच्या दुकानात जाते आणि बाकीचा मालही तिकडूनच घेते,’ ते म्हणाले. मी उत्तर दिले नाही. व्यवहाराची ती अडचण खरी आहे, आणि माझ्यासारख्या पेन्शनरने तिच्यावर प्रवचन देणे शोभत नाही. दोन दिवसांनी भगिनींचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता कळले की खोकी घाऊक व्यापाऱ्याकडे परत गेली आहेत. नवीन मागवायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. दीर म्हणतात मागवावीत.

टोमॅटोची दुसरी पेरणी झाली आहे. कार्तिकी पौर्णिमेला टोमॅटो येणार नाहीत हे उघडच होते, पण झाकणाखालची मेथी वेळेवर आली. रांगोळी अजून रोज रात्री पसरली जाते. नातवाने ते काम आवडीने घेतले आहे आणि पावलांची चित्रे तो वहीत काढतो. पहिले चार दिवस ओळी होत्या, मग एखादी, मग दोन दिवस काहीच नाही. तेराव्या सकाळी त्याने घाबरून मला फोन केला, ‘आजोबा, परत आला!’ मी बोटे मोजावयास सांगितली. पुढच्या पावलाला पाच, मागच्यालाही पाच. म्हणजे उंदीर नव्हे, चिचुंद्री. ती रोपांना तोंड लावीत नाही, झुरळे आणि किडे खाते. तिला राहू द्या, म्हणून सांगितले. तिच्या वासाची तक्रार मात्र त्याच्या आजीने लगेच मागून केली.